दोन घोटांनंतर

दोन घोट. तेवढेच प्यायलात तुम्ही. झाकण फिरवलंत, दोन घोट घेतलेत, मला केळीच्या पानाच्या कडेला ठेवलंत आणि हात धुवायला उठलात. उरलेलं पाणी कुणासाठी होतं, हे मनातही आलं नाही? वाढप्यांनी मला पानासकट गुंडाळलं, तेव्हा ते माझ्या पोटात हलत होतं.

तेव्हा मी बाटली होते. आता पिशवी आहे. कुंभकोणमच्या लग्नांत पाहुण्यांना निरोप देताना नारळ, विड्याची पानं घालून हातात देतात ना, ती तांबूलाची पिशवी.

मधलं थोडक्यात सांगते. गावाबाहेरच्या ढिगावरून मला कुणीतरी उचललं. दूरच्या एका कारखान्यात झाकण गेलं, लेबल गेलं, माझे तुकडे झाले. धुतलं, वितळवलं आणि शेवयांसारखे बारीक धागे ओढले. त्या भट्टीत माझ्यासारख्या कितीतरी होत्या. आता यातला माझा धागा कुठला, ते मलाही सांगता येत नाही. पाणी मात्र आम्हा सगळ्यांनाच आठवतं.

कापड होऊन मी कुंभकोणमजवळच्या दारासुरमला आले, रेशीम विणणाऱ्या एका घरात. पुढच्या खोलीत माग, मागे शिलाई मशीन. तिथं सौंदर्या आली, स्वतःच्या लग्नाच्या पिशव्या ठरवायला, वडिलांना घेऊन. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की तमिळ बोलणारी ही माणसं.

"अप्पा, हात लावून बघा. बाटल्यांचं कापड आहे हे."

वडिलांनी, गोपालकृष्णांनी, मला चिमटीत धरलं. "लोक म्हणतील, रेशमाच्या गावात पोरीच्या लग्नाला कचरा वाटला."

"म्हणू देत. आणि पंगतीत एकही बाटली नको. तांब्या नि पेले ठेवा. मला दुसरं काही नको."

"दुसरं काही नको म्हणे! मग मागावरच्या त्या साड्या कुणाच्या गे?"

"त्या तुमच्या हौसेच्या. बाटल्यांचं कबूल करा."

"कबूल, बाई, कबूल."

त्या शब्दावर मी सुईचं टोचणंही आनंदानं सोसलं.

लग्नाच्या दिवशी मी पोटात नारळ घेऊन दाराशी मांडलेली होते. त्या पाण्यानंतर इतकं भरलेलं मला पहिल्यांदाच वाटलं. समोर पंगत मांडली जात होती, आणि प्रत्येक पानापाशी एक छोटी बाटली उभी राहत होती. मुलाकडच्या सोयऱ्यांनी खोके पाठवले होते.

"अप्पा?" सौंदर्या एवढंच म्हणाली.

"सोयऱ्यांना नाही कसं म्हणू गे? एका दिवसाचा तर प्रश्न."

बाटलीला एकच दिवस असतो, हे त्यांना कोण सांगणार?

ती पानावर बसली. विश्वेशनं, तिच्या नवऱ्यानं, कौतुकानं तिची बाटली उघडायला घेतली. तिनं ती त्याच्या हातून काढून बाजूला ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "पाणी वाढा!" वाढपी गोंधळला. आत पळाला, तांब्या-पेले घेऊन आला. अख्खी पंगत बघत राहिली. तिनं शेवटच्या थेंबापर्यंत पेला रिकामा केला. विश्वेशनंही आपला पेला पुढे धरला.

बाकी सगळ्यांनी झाकणं फिरवली. दोन घोट. मी दाराशी बसून बघत होते, पण ओरडायला तोंड कुठून आणू?

मला भुवनेश्वरी आत्यानं, सौंदर्याच्या आत्यानं, तिरुविडैमरुदूरला आपल्या घरी नेलं. नारळ काढला, पानं काढली, माझी घडी घातली आणि पिशव्यांच्या पिशवीत सारली. दाराआड खिळ्याला टांगलेली असते ना, तुमच्याही घरी आहे, तीच. आत आम्ही बऱ्याच जणी आहोत, अंगावर कुठल्या कुठल्या नवरा-नवरीची नावं घेऊन. दार वाजलं की सगळ्या कान टवकारतो. आत्या मात्र रिकाम्या हातांनी जाते आणि भाजीवाल्याच्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून, इकडच्या भाषेत 'कव्हर'मधून, भाजी घेऊन येते.

मला मोठं काही नको. वांगी घाला, तांदूळ घाला. बंद उसवला तर टाका घाला. सौंदर्यानं तो पेला संपवला, तसं मलाही कुणीतरी वापरून संपवावं, एवढंच.

आत्ता गल्लीत भाजीची गाडी थांबली आहे. आत्या हात हलवत बाहेर गेली आहे. भाजीवाल्याचा आवाज दारातून आत येतोय:

"कव्हर संपले, अम्मा. आतून एखादी पिशवी आणा की. घरात असेलच!"