दारी आलेल्या देवाला गाऱ्हाणं

"पावलं बघ गं त्याची," मुखवटा घालून नाचत येणाऱ्या देवाकडे बघत शेजारची काकू मेइजूच्या कानाशी लागली. "हा काही तुमचा आशिंग नाही."

मेइजूने केव्हाच ओळखलं होतं. ढोलाच्या ठोक्यावर डावा पाय असा ओढणारा माणूस गावात एकच, तिचा नवरा. हिवाळ्यात छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी नाच बंद म्हणून बजावलं होतं. "देवळाशी बसून नुसता बघेन," असं सकाळीच तिला वचन देऊन गेला होता. यंदा पुतण्या आशिंग नाचायचा होता, पण त्याला शेनझेनच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही. मग म्हाताऱ्याला कोण आवरणार?

आता हाक मारायचीही सोय नव्हती. मुखवटा चढला की आतला माणूस उरत नाही. त्याचं नाव घेतलं तर देव निघून जातो आणि वर्षभराची रोगराई गावातच राहते. पूर्वी ही रोगराई हाकलायलाच घरोघर देव नाचवत. हल्ली शहरातले पाहुणे फोन उगारून बघायला येतात, पण नियम तोच आहे.

फटाके वाजले आणि हातातली कुऱ्हाड परजत तो देव तिच्याच घरात शिरला. त्याने उडी घेतली तसा मेइजूचा जीव टांगणीला लागला. लाल लाकडी जबड्याआडून धाप ऐकू येत होती. घरच्या बाईने गाऱ्हाणं घालायची वेळ आली. तिने उदबत्ती लावली, हात जोडले.

"देवा, या घरचा माणूस आजारी आहे. हट्टी आहे मेला. माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही, तुमचं तरी ऐकेल. त्याला घरी बसवा. संत्र्यांची बाग मला एकटीला झेपायची नाही." ती अडखळली. "बागेचं राहू दे. मलाच त्याच्यावाचून राहवणार नाही."

देवाला बोलता येत नाही. घरात आजारी असला की करतात तसा तो आतल्या खोलीत गेला आणि रिकाम्या अंथरुणावर, सकाळच्या चुरगळलेल्या रजईवर, सगळा जीव एकवटून कुऱ्हाड फिरवू लागला. "चालती हो, पिडा!" ढोलवाले ओरडले.

तो बाहेर आला. अजून अर्धं गाव बाकी होतं. मुखवट्याच्या बारीक भोकांतून उंबरठा दिसेना, म्हणून तो पायाने चाचपू लागला. मेइजूचा हात आपसूक पुढे झाला. पण देवाचा कोपर धरायचा नसतो. तिने हात मागे घेतला, बाजूला सरली आणि कमरेत वाकून त्याला नमस्कार केला.