अस्तराची पट्टी

शिंपीणबाईंनी पिशवीतून अस्तराची लांब पट्टी काढली आणि थेट डॉक्टरांच्या लिहित्या हाताखाली सरकवली.

"लाल टाका म्हणजे चिमणीला आलेली आकडी. काळा म्हणजे तुम्ही डोस वाढवलात तो दिवस. आता तुम्हीच वाचा."

"बाई, मी रिपोर्ट वाचतो, शिवण नाही."

"रिपोर्ट मला वाचता येत नाही. म्हणून तर शिवलं."

दर काळ्या टाक्यापुढे लाल टाक्यांची झुंबड उडालेली होती. सहा वर्षांची चिमणी आईच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होती. शिलाई मशीनच्या तालावर मोकळ्या गळ्यानं गाणारी ही पोर. आता स्वतःचं नाव सांगतानाही अडखळत होती.

डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप झेलणारे कप्पे, सुट्या भागांचे बनलेले. त्यातले काही ब्रेकचं काम करतात. हिच्या अशाच एका भागाच्या जनुकात बदल आहे. ब्रेक ढिला पडलाय, म्हणून आपण तो औषधानं आवळतो."

"आणि मुळातच आवळलेला असला तर? घट्ट टाका आणखी ओढला की कापड फाटतं, डॉक्टर."

"या जनुकात तो ढिलाच असतो."

"कुणाचा? माझ्या पोरीचा तपासलात?"

"उगाच हट्टाला पेटलात तुम्ही."

"पेटलेच! देवानं लेकरू पदरात टाकलं ते तोंड शिवून बसायला नाही. वाढीव डोसवर मी सही करणार नाही. बाहेर काढलंत तर दारात बसेन."

नर्सनं हसू कसंबसं गिळलं. बाईंचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून डॉक्टरांनी फाइल ओढली. पहिलं पान त्यांना पाठच होतं. जनुकाचं नाव दिसलं की औषध ठरलेलं. प्रयोगशाळेनं हिचा बदल तपासून मागाहून पाठवलेलं दुसरं पान त्यालाच टाचलेलं होतं, कुणीच न उलटलेलं. त्यांनी ते उलटलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ब्रेक... जास्तच घट्ट आहे हिचा."

लेकीला थोपटणारा बाईंचा हात थांबला.

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली. "हे औषध एकदम तोडायचं नाही, हळूहळू उतरवू. दुसरं सुरू करू." मग नर्सकडे न बघता त्यांनी विचारलं, "याच जनुकाची अजून किती मुलं आहेत आपल्याकडे?"

"चार, सर."

"त्यांच्या फाइली आणा. आणि त्यांच्या आयांना..." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शिंपीणबाईंनी चिमणीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"बोलवा. पानं तुम्ही वाचा. आयांशी मी बोलते."