सातवी गाठ

सुरभीने दोरीचं टोक चिमटीत धरून गाठी पुन्हा मोजल्या. आठ. काल सकाळी सात होत्या. तिने गुडघ्यावर वही टेकवली आणि लिहिलं : 'आठवी. लहान, सरळ.'

"ताई, हे बॉम्बचंच हाय," रुद्र म्हणाला. तिचा हा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता आणि त्याला सगळ्याच गोष्टी अगोदर माहीत असत. "रोज एक गाठ. धा झाल्या का धुडूम!"

"गप रं. बॉम्बची मोजणी उलटी असते. गाठी कमी व्हायला पाहिजेत."

"शिमेपलीकडच्या लोकांची सुलटी असंल."

सुरभीने वही मिटली. तिने दोरी होती तशी फांदीला लोंबकळू दिली.

गावामागच्या टेकडीवरच्या त्या काळ्या खडकाला सगळे रेंजचा दगड म्हणत. गावात काय, टेकडीच्या माथ्यावरच्या वरच्या वाडीत काय, फोनला एक दांडीसुद्धा येत नसे. ज्याला बोलायचं असेल तो येऊन या दगडावर चढे. शेजारी ऐनाचं झाड होतं. त्याच्याच खालच्या फांदीला ही वाखाची दोरी. सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून सुरभी रोज सकाळी बाबांचा फोन घेऊन इथे येई, बातम्या ऐके, वहीत उतरवी आणि गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिही. फळा भिवाजी गुरुजींचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर बारा वर्षं त्यांनी तो एकट्याने चालवला होता. सुरभीला मोठेपणी बातमीदार व्हायचंय हे कळल्यावर या सुट्टीत त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

त्या दिवशी तिने ठळक अक्षरांत लिहिलं : 'रेंजच्या दगडाजवळ गूढ गाठी! शत्रूच्या हेरांचा हात?'

गुरुजींनी चष्मा पुसला, फळा वाचला आणि पायरीवर बसले.

"सुरभे, बातमीचे पाच 'क' कोणते?"

"कोण, काय, कुठे, कधी, का."

"त्यातले तुझ्याजवळ किती आहेत?"

सुरभीने बोटं मोजली. "कुठे आहे. आणि... थोडंसं काय."

"मग हा हेर कुठून आणलास?"

"पुढे प्रश्नचिन्ह दिलंय ना, गुरुजी."

"अस्सं. उद्या मी लिहितो, 'सुरभीने पाटलांचे आंबे पाडले?' प्रश्नचिन्ह देतो पुढे. चालेल?"

"चालंल की," रुद्र म्हणाला. "खरंच हाय ते."

गुरुजींनी हसू मिशीत दाबलं. फळा त्यांनी पुसला नाही; डस्टर तेवढं तिच्यापुढे धरलं. सुरभीने दुसरी ओळ स्वतःच पुसली.

"तू सकाळी जातेस, तेव्हा गाठ बांधून झालेली असते," ते म्हणाले. "बांधणारा दुसऱ्या वेळेला येत असणार. उद्या चारच्या सुमाराला जाऊन बघ. आणि बघायचं म्हणजे बघायचं. हात लावायचा नाही."

हे शेवटचं वाक्य रुद्रने ऐकलंच नव्हतं. तो तोवर आंब्याकडे पळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नववी गाठ होती. दुपारी जेवण होताच रुद्र एकटाच टेकडीवर पळाला. सुरभी चारच्या उन्हात निघाली. धापा टाकत ती दगडापाशी पोचली, तेव्हा तो दोरी दोन्ही हातांत ताणून उभा होता. दोरीवर नुसत्या वळ्या उरल्या होत्या.

"ताई, निकामी केला!"

"रुद्र्या! काय केलंस हे?"

तेवढ्यात वरच्या वाडीची अंबाबाई पायवाटेने उतरली. डोक्यावर करवंदांची पाटी, कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. दोघंही तिला ओळखत होती. करवंदं घेऊन ती त्यांच्या दारावर यायची. तिचा दशरथ फौजेत होता, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिने पाटी उतरवली आणि सवयीने फांदीकडे हात नेला. हात तसाच राहिला. मग तिला रुद्रच्या हातातली दोरी दिसली.

"कोनी सोडल्या रं?"

रुद्र बहिणीच्या मागे सरकला. "आमाला वाटलं बॉम्ब हाय."

"बॉम्ब?" अंबाबाई दगडावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुरभीला वाटलं. "आरं लेकरा, ती माजी खूणगाठ व्हती."

तिने दोरी मांडीवर घेतली आणि वळ्यांवरून अंगठा फिरवला.

"दशरथचा फोन दोन मिनटांचा. त्याचा आवाज ऐकला का मी समदं इसरते. जेवलास का, जेवलास का, एवढंच. म्हून त्याला सांगायची रोज येक गोष्ट, तिची येक गाठ. घरी ठेवली तर बकरी खाती, म्हून हितं. नऊ दिस झाले, फोन नाय." ती थांबली. "आज सकाळी तिकडचा गोळीबार थांबला म्हनं. आता आला फोन, तर माज्याकडं सांगाया काय?"

सुरभीने वही उघडली. तिचे कान तापले होते.

"मावशी, मी लिहून ठेवलंय. पहिली गाठ मोठी, सैल."

अंबाबाईने मान वर केली. मग हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"गाय व्याली त्या दिशी! पाडी झाली. खुशीत बांदली, म्हून सैल."

"दुसरी बारीक. अगदी टोकाला."

"माजी लेक वनिता शिवनाच्या क्लासला जाती. ती लाजती ना, तशी बांदली."

"तिसरी जोडगाठ, एकीला लागून एक."

"कौलं. दोनी अंगाची बदलली."

सुरभी वाचत गेली, अंबाबाई बांधत गेली आणि वाढत्या गाठींबरोबर तिचा आवाजही वाढत गेला.

"सातवी," सुरभी म्हणाली. "तीनदा आवळलेली. दगडासारखी."

अंबाबाईचे हात थांबले. तिने तीही बांधली, तशीच, तीनदा आवळून. पण काय ते सांगितलं नाही.

"म्होरली वाच."

आठवी आणि नववी झाली. तिघं बसून राहिली. दशरथचा फोन आला तेव्हा रुद्रच्या तोंडात अकरावं करवंद होतं.

अंबाबाई धडपडत दगडावर चढली. "जेवलास का रं?" पहिलं वाक्य तेच आलं, आणि सुरभीने ओठ दाबून धरले. मग मात्र अंबाबाईने दोरी चाचपली. गाय, क्लास, कौलं. एकेक सांगायची, एकेक गाठ सोडायची. पलीकडून एक थकलेला, हसरा आवाज पाडीचं नाव काय ठेवलं ते विचारत होता. सातवी गाठ ओलांडून ती आठवीवर गेली, मग नववीवर.

"आनि काय, आये?"

बोट सातवीवर होतं. "काय नाय. बरा हाईस नव्हं? मग झालं."

फोन कट झाला. अंबाबाई खाली उतरली आणि ती उरलेली गाठ दातांत धरून सोडवू लागली. बराच वेळ लागला.

"मावशी, ही सांगायची राहिली."

गाठ एकदाची सुटली. "आता ती बातमी नाय राह्यली गं," असं म्हणून अंबाबाईने डोळे पुसले आणि उरलेली करवंदं रुद्रच्या सदऱ्यात ओतली.

टेकडी उतरताना सुरभीने वही चाळली. सातव्या गाठीच्या आदल्या दिवशीची नोंद तिचीच होती : 'भिवपुरीच्या वीजकेंद्राचा भोंगा वाजला. हवाई हल्ल्याचा सराव.'

वाचनालयाशी येऊन तिने फळ्यावर लिहिलं : 'दशरथचा फोन आला. तो बरा आहे.'

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. "छान. आणि गाठींचं?"

"सुटल्या, गुरुजी." ती खडू बोटांत फिरवत राहिली. "भोंगा वाजला त्या दिवशी आपण फळ्यावर लिहिलं होतं ना, सराव आहे, घाबरू नये?"

"हो. मीच लिहिलं होतं."

"भोंगा वरच्या वाडीतही ऐकू गेला. तिथे फळा नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, परत लावला. मग पायरीखालच्या चपलांत पाय सरकवले.

"अजून उजेड आहे," ते म्हणाले. "वाडीला कोणती वाट जवळची, ते दाखव."