खालच्या कुरणातली म्हातारी

मेरेरिडच्या गोठ्यातल्या निम्म्या गाई क्षयाच्या तपासणीत सापडल्या आणि मारायला नेल्या. पाठोपाठ सरकारी खात्यानं विचारलं, तुमच्या रानात बिळं करून राहणारे बॅजर पकडून तपासू का? त्यांच्यापासूनही गाईंना क्षय लागतो. रक्तात क्षय दिसला तर मारायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

तिचा नवरा एम्रिस नको म्हणाला. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तो खालच्या कुरणाच्या कडेला बसून त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडांची वाट बघायचा. एक मादी लंगडत यायची. तिला तो म्हातारी म्हणायचा. पण शेत मेरेरिडच्या वडिलांचं, तिच्या नावावरचं. उरलेल्या गाई तरी वाचू देत, म्हणून तिनं होकार दिला.

पिंजऱ्यात सापडली ती नेमकी म्हातारीच. गावचे जनावरांचे डॉक्टर गेथिन यांनी तिला भूल देऊन रक्त तपासलं. क्षय आहे असं निघालं, आणि भुलीतच तिला संपवलं. त्यानंतर एम्रिस कुरणाकडे गेला नाही.

मग मेरेरिडच्या मनात किडा वळवळू लागला. मेलेल्या म्हातारीला खात्याच्या प्रयोगशाळेत नेलं होतं; तिथं कापून पाहिल्यावर काय सापडलं? खात्याला फोन केला की एकच उत्तर: निकाल एकेका शेताला सांगायची पद्धत नाही.

गावच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, खोलीत गावसभा भरली तेव्हा तिनं हाच प्रश्न खात्याच्या साहेबांना विचारला. साहेब सगळ्या शेतांच्या सरासरीबद्दल बोलत राहिले. शेवटी गेथिन उठले.

"मेरेरिड, तिच्या अंगात क्षय सापडला नाही. मला कळलं होतं. सांगायची परवानगी नव्हती."

साहेब म्हणाले, झटपट तपासणी कधीकधी चुकते, पण सगळं नियमाप्रमाणेच झालं.

एम्रिस सभेला आला नव्हता. घरी जाताना तिला वाटलं, त्याला सांगूच नये. काय साधणार? मग स्वतःचीच लाज वाटली. खात्यावर डाफरायचं आणि घरात तेच करायचं?

तिनं सांगितलं.

"मग मारली कशाला गं तिला?" एम्रिसनं विचारलं.

"मी हो म्हटलं म्हणून," ती म्हणाली.

त्यानं तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं, असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षी खात्यानं नियम बदलला: प्रत्येक निकाल ज्याच्या त्याच्या शेताला कळवायचा. ही बातमी तिनं सांगितली तेव्हा एम्रिस दूध काढायचं यंत्र लावत होता. त्यानं नुसती मान हलवली आणि पुढच्या गाईकडे वळला.