मुक्कामाचं गाव

तिने चिमट्याने भुंगेऱ्याचं पोट उघडलं आणि आतली नळी काचेवर ठेवली. सूक्ष्मदर्शकात टोकाला तोच, टेकडीवरच्या भुंगेऱ्यांसारखा, गळासारखा वळलेला दुहेरी आकडा. या गटातले पानभुंगेरे वरून सगळे सारखेच हिरवे. जात ठरते ती नराच्या या आकड्यावरून. टाचणीवरच्या चिठ्ठीत अक्षर वडिलांचं होतं, गाव मात्र नदीपलीकडचं, ऐंशी किलोमीटरवरचं.

म्हणजे टेकडी गेली.

खाणवाल्यांना टेकडी म्हणजे नुसती खडी. ही जात जगात फक्त त्या टेकडीवर आहे, एवढ्या एका मुद्द्यावर कोर्टाने त्यांचे सुरुंग थांबवले होते. पुरावा काय, तर वडिलांनी गोळा केलेले, चिठ्ठीवर टेकडीचं नाव असलेले साठ भुंगेरे. तिला स्वतःला तीन हंगाम काट्याकुट्यांत हिंडून तिथे एकही मिळाला नव्हता. उद्या सुनावणी. चिठ्ठी फाडा की, कोण बघतंय, असं तिचा वकील फोनवर म्हणाला. तिने त्याला वाट्टेल ते सुनावलं आणि फोन ठेवल्यावर ती चिठ्ठी बराच वेळ दोन बोटांत धरून बसली. मग उठून भुंगेरा आणि चिठ्ठी घेऊन वडिलांकडे गेली.

ते अंथरुणाला खिळलेले, पण डोकं शाबूत.

"बाबा, हा नदीपलीकडे सापडला?"

"कुणास ठाऊक. मुक्काम तिथं होता. दिवसभर मोटारसायकलवर दोनशे किलोमीटर हिंडायचं, संध्याकाळी टाचण्या मारायच्या. कुठला कुठं धरला, कोण लक्षात ठेवतंय? मुक्कामाचं गाव लिहून मोकळा."

"नेहमीच?"

"नेहमीच. तुझी आई ओरडून ओरडून थकली."

तिला हसू फुटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. त्या चिठ्ठीला काडीचा अर्थ नव्हता. ती तिथेच पलंगाच्या कडेवर कागद ठेवून वडिलांचा जबाब भराभर लिहायला लागली: भुंगेरा कुठेही सापडला तरी मी नेहमी मुक्कामाचंच गाव लिहीत असे.

वडील रंगात आले होते. टेकडीवरच्या बंगल्यात तर दोन महिने मुक्काम होता, म्हणाले. आंघोळीला कढत पाणी. सकाळी निघायचं ते थेट दिवेलागणीला परत.

तिचा हात थांबला. साठ भुंगेऱ्यांच्या चिठ्ठ्या त्याच मुक्कामातल्या.

दिवसभर कुठे असायचात, हे तिने विचारलं नाही.  वडिलांनीही सांगितलं नाही.

तिने 'नेहमी' खोडलं. वर बारीक अक्षरात 'नदीपलीकडच्या मुक्कामात' लिहिलं आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"सही करा, बाबा."