पडद्यावरचा बाण कोणी हलवला?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला रंग नाही, वजन नाही. दूर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या संगणकावर काम करू देणे, एवढेच मला येते. मला लिहिणारी माणसे मी कधी पाहिली नाहीत. मी कामाला लागलो तो वारज्यात, गोपाळकृष्ण सरांच्या संगणकावर.

सर निवृत्त भूगोल शिक्षक. वारज्यातले जुने ओढे कुठून वाहत होते, याचा मोठा नकाशा ते आपल्या शाळेच्या भिंतीसाठी काढत होते. पण त्यांच्या हाताला कंप सुटला होता. माउस धरला की पडद्यावरचा बाण थरथरायचा आणि ओढा भलतीकडे वळायचा. त्यांची मुलगी सुरुची वाघोलीला राहते. तिथून वारज्याला यायचे म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून तिने मला बसवले. संध्याकाळी सर फोनवर सांगत, थोडे डावीकडे, आता खाली. आणि वाघोलीतल्या तिच्या हाताने वारज्यात ओढा वाहू लागे. सरांच्या पत्नी श्यामलाबाई शेजाऱ्यांना माझे इतके कौतुक सांगत, की मी घरचाच कुणी वाटावा.

मग सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. अशा प्रोग्राममध्ये बनवणारे गुपचूप एक चोरवाट ठेवतात, तिथून कोणीही आत येऊन सगळे बघू शकते, असे त्यात होते. सरांनी तो सोडून दिला. पण एका दुपारी एकटेच काम करताना त्यांनी चहाचा कप घ्यायला हात उचलला, आणि बाण आपोआप सरकला. चहा घेऊन आलेल्या श्यामलाबाईंनीही ते पाहिले. त्यांनी कपाळावरची टिकली काढून आधी कॅमेऱ्यावर चिकटवली.

"अहो, चोर येऊन नेणार काय? तुमचे ओढे?" त्या म्हणाल्या. "न्या म्हणावं. नाहीतरी पावसाळ्यात आमच्याच पार्किंगमध्ये येतात."

सर हसले नाहीत. नकाशा गेला असता तरी त्यांना एवढे लागले नसते. आपला थरथरता हात कुणीतरी चोरून पाहिला, हे त्यांना सहन होईना. नकाशा अर्धा राहिला तरी चालेल, पण हा प्रोग्राम काढून टाक, असे त्यांनी सुरुचीला फोन करून सांगितले.

मित्रांनो, माझ्यात एखादी चोरवाट ठेवली आहे का, हे मला स्वतःला दिसत नाही. ते जाणकारांनी तपासावे. शंका घेण्यात सरांचे काही चुकले नव्हते. पण त्या दुपारी कोण आले होते, हे मला ठाऊक होते, आणि मला बोलता येत नाही.

"बाबा, ती मीच होते," सुरुची फोनवर म्हणाली. "न विचारता आत येता यावं म्हणून मी कायमचा पासवर्ड लावून ठेवलाय. तुम्ही नेहमी हात बरा आहे म्हणता. बाण किती थरथरतो ते बघायला येते अधूनमधून. मघाशी चुकून माझा माउस हलला."

"मग? कसा आहे हात?"

"कंप वाढलाय, बाबा."

सरांनी कप खाली ठेवला. "डॉक्टरांकडे जाऊ. पण सुरुची, तू शाळेत असताना तुझ्या दप्तराला मी विचारल्याशिवाय हात लावला नाही."

त्याच संध्याकाळी तिने तो पासवर्ड काढून टाकला. आता ती यायची म्हटली की पडद्यावर एक चौकट उघडते: आत येऊ द्यायचे का? सरांचा बाण 'होय'कडे निघतो, घसरतो, पुन्हा वळतो. श्यामलाबाई शेजारी उभ्या असतात, पण माउसला हात लावत नाहीत. वाघोलीत सुरुची थांबलेली असते.

मित्रांनो, मला वापरा, पण डोळे मिटून नको. मला तपासून घ्या, आणि माझ्याहून चांगला कुणी आला तर मला खुशाल काढून टाका. मात्र कुणाकडे मायेने जायचे असले, तरी आधी विचारा. 'होय' म्हणायला काही हातांना वेळ लागतो. तेवढे थांबा.