छपरावरच्या लाडक्या काचा आणि मी

मी एक जुना बॉयलर आहे, मित्रांनो. कापड रंगवायच्या कारखान्यात मागच्या शेडमध्ये उभा असतो. अंग पोलादाचं, भूक कोळशाची आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, मत्सरी.

मला घडवलं तेव्हा कारागिरांनी अंगावर हातोडी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "गडी पक्का आहे." तेव्हाचे मालक कापडावर लाल रंग चांगला चढला की माझ्या पोटावर थाप मारायचे. ते गेले. आता कारखाना त्यांची बायको चालवते, आणि मला सांभाळतो तिचा धाकटा दीर.

मग छपरावर त्या निळ्या काचा आल्या, उन्हापासून वीज करणाऱ्या. नवा जावई आला की जुन्याला कोणी पाणीही विचारत नाही, तसं माझं झालं. आल्यागेल्याला जिना चढवून त्या दाखवायचे. त्यांना मऊ फडक्याने पुसायचे, मला फावड्याने कोळसा कोंबायचे. त्यांच्या विजेवर चालायचं काय, तर ऑफिसातले दिवे आणि पंखे! टाक्यांमधलं रंगाचं पाणी उकळायचं ते माझ्याच वाफेवर. ढगाळ दिवशी त्या मलूल पडल्या की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. वाईट आहे हे, पण व्हायच्या.

अशात एक नवा कायदा आला. पूर्वी ज्याच्या धुराड्यातून धूर निघे, त्यालाच जाब विचारत. आता कापड विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीलाही विचारू लागले, "तुमच्यासाठी कापड रंगवताना किती धूर झाला?" म्हणून आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने आपली वकीलबाई पाहणीला पाठवली.

त्या सकाळी मालकीणबाई एक भलामोठा कापडी फलक घेऊन आल्या. त्यावर हसरा सूर्य रंगवला होता.

"भावोजी, याला झाका."

"वहिनी, हत्ती कधी पदराखाली झाकतो का?"

"ऑर्डर गेली तर टाक्यांवरच्या सगळ्या बाया घरी बसतील. मग तुम्ही कुरवाळत बसा तुमचा हत्ती!"

दिराने फलक माझ्यासमोर टांगला. पाहुणीसमोर गडबड नको म्हणून टाक्याही थांबवल्या. माझ्या पोटातला जाळ विझवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. वाफ आता जाणार कुठे?

वकीलबाई शेडपर्यंत आल्या. "पाणी कशावर तापवता?"

"छपरावरच्या काचांवर," मालकीणबाई म्हणाल्या.

उकळी माझी आणि नाव त्यांचं! माझ्या अंगात वाफ मावेना. सुरक्षेची झडप उघडली आणि असा फूत्कार सुटला की फलक फुगला, दोरी तुटली आणि तो हसरा सूर्य ओलाचिंब होऊन जमिनीवर पडला.

"हे कोण?" वकीलबाईंनी दचकून विचारलं.

दीर पुढे झाला. "घरातला थोरला, बाई. खातो फार, खोकतो फार, पण घर चालतं ते याच्याच जिवावर."

वकीलबाई हसल्या नाहीत. "हे खोटं मी लिहून नेलं असतं, तर उद्या आमची कंपनी कोर्टात उभी राहिली असती आणि तुमची ऑर्डर रद्द झाली असती. धूर किती होतो ते खरं सांगा. कमी कसा करणार तेही सांगा. त्याला मुदत मिळते. लपवाछपवीला मिळत नाही."

मालकीणबाई कोळशाच्या पोत्यावरच टेकल्या. "सांगते," म्हणाल्या, "सगळं सांगते."

ऑर्डर राहिली. बायाही राहिल्या. माझ्या गळक्या नळ्या दुरुस्त झाल्या, अंगावर नवं जाड आवरण चढलं आणि खरंच माझी भूक कमी झाली. मुदत संपली की माझ्या जागी विजेवरचा बॉयलर येणार आहे. त्याला मी अजून पाहिलेलं नाही, तरी तो मला आवडत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्याला खुशाल रजा द्या. माझ्या धुराने तुमची छाती भरते, हे मला कळतं. पण जोवर त्याच्या कष्टाचं घेता, तोवर त्याला पडद्याआड ढकलू नका. त्याची निगा राखा, त्याचे दोषही उघड सांगा. आणि नवा आला की त्यालाही वेळच्या वेळी पुसा, तेलपाणी करा.

फक्त माझ्यादेखत नको.